वर्षभराची हुशारी

मी सेफॅलोपॉडांवर संशोधन करते असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. ‘ऑक्टोपस, माकूळ, ते सगळे,’ असं म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलतो आणि तिथून पुढचे प्रश्न ठरलेले. त्यांना खरंच तीन हृदयं असतात? असतात. दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलायला, एक बाकीच्या शरीरासाठी. रक्त निळं? हो, प्राणवायू वाहून न्यायला आपल्याकडे लोह असतं, त्यांच्याकडे तांबं. मग थोडं पुढे झुकून शेवटचा प्रश्न येतो : ते फार हुशार असतात ना?

असतातच. इंडोनेशियात नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून नेणारा आणि वेळ आली की त्यांतच दडून बसणारा ऑक्टोपस २००९मध्ये शास्त्रीय नोंदीत आला. २०२१मध्ये अलेक्झांड्रा श्नेल आणि सहकाऱ्यांनी कटलफिशना, म्हणजे माकुळाच्या भाऊबंदांना, एक साधा पेच घातला : समोरचं बेताचं खाणं आत्ता खा, किंवा थांबा आणि आवडीचं मिळवा. त्या थांबल्या, काही तर दोन मिनिटांपर्यंत. हे सगळं मी उत्साहाने सांगते. ऐकणाऱ्याने व्हिडिओ आधीच पाहिलेले असतात, त्यामुळे माझं काम सोपं होतं.

पण खरं सांगायचं तर मला स्वतःला आता त्या हुशारीचं तितकंसं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते एवढी हुशारी इतक्या थोड्या काळासाठी असते याचं.

नेहमीच्या ऑक्टोपसाचं, म्हणजे ऑक्टोपस व्हल्गॅरिसचं, आयुष्य एक ते दोन वर्षांचं. बहुतेक स्क्विड, म्हणजे माकूळ, वर्षभरात आटोपतात, आणि काही छोट्या जाती त्याहूनही लवकर. ऑक्टोपसाच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात, त्यांतल्या दोन तृतीयांश हातांमध्ये. एवढी यंत्रणा उभी करायला केवढी ऊर्जा लागते, आणि ती उभी राहते न राहते तोच प्राणी मरायला टेकतो. कणा असलेल्या प्राण्यांकडे पाहून आपली एक समजूत पक्की झालेली आहे : मेंदू मोठा असेल तर बालपण लांबतं, आयुष्य लांबतं आणि आजूबाजूला शिकवणारी वडीलधारी असतात. हत्ती, वानर, व्हेल, कावळे, पोपट. सगळे कमीअधिक या समजुतीत बसतात. ऑक्टोपसाच्या घरी वडीलधारं कोणीच नसतं. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा आई गेलेली किंवा शेवटच्या घटका मोजत असते, बाप त्याच्याही आधी संपलेला. खेकडा मागून धरला तर नांगी लागत नाही हे ज्याने शोधलं, ते आपल्या पोरांना दाखवायला तो उरत नाही. प्रत्येक पिढी शून्यापासून सुरुवात करते.

अ‍ॅरिस्टॉटलने ऑक्टोपसाला मूर्ख ठरवलं होतं. कारण काय, तर पाण्यात हात घातला की तो हाताजवळ येतो. या शेऱ्यावर दोन हजारांहून अधिक वर्षं उलटून गेल्यावरही मला वाद घालावासा वाटतो. ज्याला शिकवणारं कोणी नाही आणि ज्याच्याकडे वेळ जेमतेम वर्षभराचा आहे, त्याने समोर आलेल्या वस्तूला हात लावून पाहायचा नाही तर काय करायचं? शिवाय त्याच्या चोषकांमध्ये चव ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींमधले ग्राहक-रेणू २०२०मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी शोधून काढले. म्हणजे तो हाताळतो तेव्हाच चाखतही असतो. जवळ येणारा ऑक्टोपस चौकशी करत असतो, आणि आपण मात्र त्याला भोळा समजतो.

हुशारी आणि घाई एकत्र का आली याचं एक स्पष्टीकरण मला पटतं. या कुळाच्या पूर्वजांना बाहेरून कवच होतं. नॉटिलसला ते आजही आहे, आणि नॉटिलस निवांत जगतो : वयात यायलाच त्याला दहाहून अधिक वर्षं लागतात, पुढे वीस वर्षांच्या आसपास तो सहज जातो. डोळ्याला भिंगसुद्धा नाही, नुसतं छिद्र. भागतं त्याचं. ज्या शाखेने कवच टाकलं तिला वेग मिळाला, फटीतून निसटता येऊ लागलं, पण त्याच क्षणी ती प्रत्येक माशाच्या, सीलच्या, पक्ष्याच्या तोंडचा मऊ घास झाली. अशा प्राण्याला दोनच मार्ग उरतात. एक, रंग बदलून, जागा बदलून, डोकं चालवून आजचा दिवस निभावणं. दुसरा, उद्याचा भरवसा नसल्यामुळे लवकर वाढणं आणि लवकर अंडी घालणं. यांनी दोन्ही घेतले.

माझं रोजचं काम मात्र जिवंत ऑक्टोपसापेक्षा चोचींशी जास्त येतं. मऊ प्राण्याच्या शरीरात टणक म्हणावं असं फार थोडं असतं, त्यातली ही एक वस्तू. पोपटासारखी वाकडी, वरची आणि खालची अशी जोडी, तोंडाच्या स्नायूंच्या गोळ्यात रुतलेली. ती कायटिनची असते आणि कोणाच्याही पोटात सहज विरघळत नाही. त्यामुळे किनाऱ्याला लागलेल्या व्हेलच्या जठरात, अल्बट्रॉसने ओकून टाकलेल्या गोळ्यात, सीलच्या विष्ठेत चोची सापडतात. मांस केव्हाच गेलेलं असतं. तपकिरी-काळ्या चोचींचा ढीग तेवढा उरतो, आणि वास. वासाबद्दल एवढंच म्हणते की या कामाला विद्यार्थी फारसे रांगा लावत नाहीत.

हे शास्त्र ज्याने उभं केलं तो माल्कम क्लार्क. व्हेलची शिकार चालू होती त्या काळात त्याने स्पर्म व्हेलची जठरं उघडून त्यांतल्या चोची मोजल्या, ओळखल्या आणि खालच्या चोचीच्या लांबीवरून अख्ख्या प्राण्याचं वजन काढायची सूत्रं बसवली. एका व्हेलच्या पोटात हजारो चोची निघायच्या. त्यातून एक अवघड गोष्ट समोर आली : व्हेलला पोत्याने मिळणाऱ्या कितीतरी जाती संशोधन-जहाजांच्या जाळ्यात जवळजवळ येतच नव्हत्या. आपली जाळी हळू पोहणारं आणि लहान तेवढं पकडत होती; बाकीचे बाजूला होत होते. खोल समुद्रात स्क्विड किती आहेत याची पहिली बरी कल्पना आपल्याला जहाजांनी दिली नाही, व्हेलने दिली.

कोलोसल स्क्विडचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. १९२५मध्ये या जातीचं वर्णन झालं ते एका स्पर्म व्हेलच्या पोटात सापडलेल्या हातांच्या तुकड्यांवरून. २००७मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात मासेमारी जहाजाला ४९५ किलोचा एक प्राणी मिळाला. आणि समुद्राच्या आत, जिवंत, आपल्या जागी पोहताना तो पहिल्यांदा चित्रित झाला तो थेट मार्च २०२५मध्ये, साउथ सँडविच बेटांजवळ, ६०० मीटर खोलीवर. तोही ३० सेंटिमीटरचं काचेसारखं पारदर्शक पिल्लू. वर्णन आणि दर्शन यांत पूर्ण शंभर वर्षं गेली. जायंट स्क्विडनेही असंच थांबवलं : त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांना २००४मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ तो समुद्राच्या आत, जिवंत असतानाचे पहिले फोटो मिळाले, तर तशा चलच्चित्रासाठी २०१२ उजाडलं. त्यासाठी समुद्रशास्त्रज्ञ एडिथ विडरने जी युक्ती केली ती मला फार आवडते. तिने झगझगीत दिवे बंद केले, त्या प्राण्यांना न दिसणारा लाल उजेड वापरला आणि समोर एक निळा लुकलुकणारा गळ टांगला. अटोला नावाची जेलीफिश संकटात सापडली की जशी चमकते, तशी त्याची नक्कल. म्हणजे ‘इथे कोणीतरी जेलीफिश खातंय’ अशी खबर. त्या खाणाऱ्याला खायला जायंट स्क्विड आला.

चोच आकार सांगते. वय सांगायला दुसरी वस्तू लागते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर वस्तू तीच आहे. स्क्विडच्या डोक्यातल्या कूर्चेत तोल सांभाळणाऱ्या दोन पोकळ्या असतात आणि प्रत्येकीत कॅल्शियम कार्बोनेटचा एकेक खडा. त्याला स्टॅटोलिथ म्हणतात. बऱ्याच जातींत तो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं पडतं, इथे दिवसाला एक पडतं. खडा काचपट्टीवर राळेत बसवायचा, अतिशय बारीक कागदावर एका बाजूने घासायचा, उलटवायचा, दुसऱ्या बाजूने घासायचा, आणि पातळ झाला की सूक्ष्मदर्शकाखाली मध्यापासून कडेपर्यंत मोजत जायचं. घासताना हात जरा जड पडला की मधला भाग निघून जातो, म्हणजे जन्मतारीखच गेली. एकाच खड्याचं दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचं असा दंडक आहे. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर पुन्हा. मान आखडते, डोळे चुरचुरतात, पण कडेपाशी पोचल्यावर एक विचित्र समाधान असतं : या प्राण्याचा एकही दिवस सुटलेला नाही. अमुक तारखेला जन्मला, अमुक महिन्यात झपाट्याने वाढला, इथे काहीतरी बिनसलं आणि कडी दाटली. माणसाच्याही आयुष्याची इतकी चोख नोंद सहसा कोणाकडे नसते.

या खड्यांनी मासेमारीचं गणित बदलून टाकलं. माशांच्या बहुतेक साठ्यांत वेगवेगळ्या वयाचे मासे एकत्र असतात, एक वर्ष वाईट गेलं तरी आधीच्या वर्षांचे थोरले शिल्लक असतात. वर्षभर जगणाऱ्या स्क्विडकडे अशी शिल्लक नाही. या वर्षीचे सगळे मेले की पुढच्या वर्षीचे सगळे त्यांच्या अंड्यांतून येणार, मध्ये काही नाही. नैर्ऋत्य अटलांटिकमधला इलेक्स अर्जेंटिनस हा स्क्विड त्यातला नमुना. त्याच्या हंगामात तिथे एवढी जहाजं जमतात आणि स्क्विडला खेचायला एवढे प्रखर दिवे लावतात की उपग्रहाच्या रात्रीच्या चित्रात भर समुद्रात शहर वसल्यासारखं दिसतं. अर्जेंटिनाची सागरी हद्द जिथे संपते तिथून पुढे ते शहर सुरू होतं. फॉकलंड बेटांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या पाण्यात वेगळा मार्ग धरला. आधीच ठरवलेल्या टनांच्या मर्यादेऐवजी हंगाम चालू असतानाच हिशोब करायचा आणि मासेमारी झाली नसती तर जेवढे वाचले असते त्यांतले निदान ४० टक्के अंडी घालायला सुटतील अशा बेताने थांबवायचं. वर्षभराच्या प्राण्याला वर्षाच्या आतच उत्तर द्यावं लागतं, हे तिथे कोणाच्या तरी नीट लक्षात आलं. हद्दीपलीकडच्या खुल्या समुद्रात असा हिशोब बांधून घेणारं कोणी नाही, आणि एकाच पिढीचे स्क्विड दोन्हीकडून ये-जा करतात. त्यामुळे आतली शिस्त कितपत पुरी पडते हा प्रश्न दर हंगामात नव्याने उभा राहतो.

अन्नसाखळीत यांची जागा कोणती, असं विचारलं तर एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण ती जागा प्राण्याच्या वाढीबरोबर सरकत असते. हम्बोल्ट स्क्विड मिलिमीटरभराचं पिल्लू म्हणून सुरुवात करतो तेव्हा प्लवकांतला एक कण असतो, कोणीही खावा असा. वर्ष-दीड वर्षात तोच मीटरभराचा शिकारी होऊन मासे आणि आपलेच भाऊबंद खात सुटतो. एवढ्या वेगाने खाल्लेल्याचं मांस करणारे प्राणी समुद्रात थोडे, म्हणून टुना, स्वोर्डफिश, एलिफंट सील, स्पर्म व्हेल, अल्बट्रॉस असे कितीतरी जण त्यांच्यावर पोसले जातात. त्यात रोजची वरखाली चालूच : कित्येक जाती दिवसा अंधाऱ्या खोलीत राहतात, रात्री वर येऊन खातात, पहाटे परत. वरचं अन्न पोटात भरून खाली नेणारी ही वाहतूक सगळ्या समुद्रांत रोज घडते. खाणं आणि खाल्लं जाणं यांतला ताण जायंट स्क्विडच्या डोळ्यात दिसतो. तो डोळा २५ सेंटिमीटरहून मोठा असू शकतो. डॅन-एरिक नील्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये मांडलं की भक्ष्य हेरायला एवढा डोळा लागतच नाही. तो लागतो तो शंभर मीटरहून दूर असलेली स्पर्म व्हेल ओळखायला, तिच्या धक्क्याने चमकणाऱ्या बारीक जीवांच्या फिक्या उजेडावरून. व्हेलने खाल्लेल्या चोची मोजता मोजता मला हा डोळा कधी कधी आठवतो. सगळ्यांनाच ती वेळेवर दिसत नाही.

आता समुद्र तापतोय, आणि इथे मला वर्तमानपत्री मथळ्यांशी थोडं भांडायचं आहे. २०१६मध्ये झोई डबलडे आणि सहकाऱ्यांनी १९५३ ते २०१३ या काळातल्या जगभरच्या नोंदी एकत्र करून दाखवलं की सेफॅलोपॉडांच्या संख्या वाढत गेल्या आहेत, तीन वेगळ्या जीवनपद्धतींच्या जातींमध्ये सारख्याच. निष्कर्ष भक्कम होता. पण त्यावरून ‘बदलत्या समुद्रातले विजेते’ असं जे चित्र रंगलं ते मला पटत नाही. लवकर पिढी बदलणारा प्राणी मोकळी झालेली जागा लवकर भरतो हे खरं. मोठे मासे काढून टाकले, खाणारे कमी झाले, उष्णतेने वाढीचा वेग वाढला, की आकडे चढणारच. त्याच गुणामुळे ते लवकर कोसळतातही. कॅलिफोर्नियाच्या आखातातले हम्बोल्ट स्क्विड २००९-१०च्या एल निन्योत अशा तऱ्हेने बदलले की एरवीच्या मानाने फारच लहान आकारात आणि निम्म्याहून कमी वयात प्रजननाला आले. जात टिकली. पण मोठ्या स्क्विडवर चालणारी तिथली मासेमारी बसली, आणि मोठ्या स्क्विडवर जगणाऱ्यांचं काय झालं असेल ते निराळंच. एखादी जात तगून राहिली म्हणजे तिचं तिथलं काम चालू राहिलं असं होत नाही.

आणि मर्यादा त्यांनाही आहेत. तीक्ष्ण डोळा प्राणवायू खूप खातो. २०१९मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांत स्क्विड आणि ऑक्टोपसाच्या पिल्लांभोवतीच्या पाण्यातला प्राणवायू कमी केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांचा उजेडाला मिळणारा प्रतिसाद झपाट्याने घसरला. समुद्रातला प्राणवायू कमी होतोय हे आता पक्कं मोजलेलं आहे. पण दुसऱ्या पारड्यात टाकण्यासारखंही काही आहे : हे प्राणी आपल्या जनुकांतून आलेला निरोप प्रथिन बनण्याआधीच जागोजाग बदलून घेतात. २०२३मध्ये दिसलं की थंड पाण्यात ठेवलेल्या कॅलिफोर्नियन ऑक्टोपसाने चेतासंस्थेत १३,०००हून अधिक ठिकाणी असे बदल केले, तेही काही दिवसांत. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहायला वेळ नसलेल्या प्राण्याला शोभेल असाच हा उपाय. मात्र ते प्रयोग बोलतात ते मुख्यतः थंडीबद्दल. उष्णतेला हीच हातोटी कितपत उपयोगी पडेल यावर मी पैज लावणार नाही.

हे सगळं घाईचं आयुष्य शेवटी थांबतं कसं, तर आतूनच. ऑक्टोपसाची मादी अंड्यांच्या माळा बिळाच्या छताला चिकटवते, त्यांवर पाणी फुंकते, हातांनी साफ ठेवते, आणि खाणं सोडते. अंडी फुटायच्या सुमारास ती संपते. ही झीज, थकवा असंच बराच काळ वाटत होतं. १९७७मध्ये जेरोम वोडिन्स्कीने अंडी सांभाळणाऱ्या माद्यांच्या दोन डोळ्यांच्या मधल्या भागातल्या छोट्या ग्रंथी काढून टाकल्या. माद्यांनी अंडी सोडून दिली, पुन्हा खायला लागल्या, वजन वाढलं, कितीतरी जास्त जगल्या. मरण शरीरात आधीच बसवून ठेवलेलं होतं. या प्रयोगाचं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या जास्तीच्या दिवसांविषयी कुतूहल वाटलं होतं. अंडी नाहीत, घाई नाही, अशा मोकळ्या दिवसांत त्या काय करत होत्या? टिपणांत खाण्याची आणि वजनाची नोंद आहे, बाकीचं कोणी विचारलेलं दिसत नाही.

एवढं सगळं मांडून झालं की खोल समुद्र येतो आणि माझं ‘वर्षभराचं आयुष्य’ मोडीत काढतो. मे २००७मध्ये ब्रूस रॉबिसन आणि सहकाऱ्यांना कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रातल्या मॉन्टेरे दरीत १४०० मीटर खोलीवर ग्रॅनेलेडोन या ऑक्टोपसाची एक मादी कड्यावर अंडी घालून बसलेली दिसली. आधीच्या महिन्यात ती तिथे नव्हती. अंगावरच्या व्रणांमुळे तिची ओळख पटत होती. पाण्याखालचं यंत्र घेऊन ते पुन्हा पुन्हा त्याच कड्याशी गेले, ती तिथेच. रंग उतरला, डोळे गढूळ झाले, अंग आक्रसलं. यंत्राच्या हाताने खेकड्याचा तुकडा पुढे केला, तो तिने घेतला नाही. सप्टेंबर २०११मध्ये शेवटची दिसली, ऑक्टोबरमध्ये कड्यावर फुटलेली टरफलं होती. ५३ महिने. कोणत्याही प्राण्याने अंडी सांभाळल्याची याहून लांब नोंद नाही. संशोधनाचं अनुदान साधारण तीन वर्षांचं असतं. उथळ पाण्यातल्या ऑक्टोपसाच्या दोन-तीन पिढ्या त्यात होऊन जातात, आणि या बाईंचं एक बाळंतपणही त्यात मावलं नसतं.

तीन अंशांच्या आसपासच्या पाण्यात सगळंच सावकाश चालतं, म्हणून ५३ महिने. मग त्याहून खोल आणि थंड ठिकाणी काय? २०१८मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, डेव्हिडसन सीमाउंट या समुद्राखालच्या डोंगराजवळ ३२०० मीटर खोलीवर हजारो मोतिया ऑक्टोपस खडकांच्या फटींत दाटीवाटीने अंडी घेऊन बसलेले सापडले. भोवतालचं पाणी १.६ अंश सेल्सियस. त्या हिशोबाने अंडी फुटायला पाच-आठ वर्षं लागायला हवी होती. पण त्या फटींतून ऊन पाणी झिरपत होतं, काही जागी १० अंशांच्या आसपास, आणि अंडी दोन वर्षांच्या आत फुटत होती. जिम बॅरी आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये हे प्रसिद्ध केलं तेव्हा सहा हजारांहून अधिक प्राणी मोजून झाले होते. घाई तिथेही आहेच. त्यांनी ती उबेतून मिळवली.

कोस्टा रिकाजवळच्या डोराडो आउटक्रॉप या समुद्रतळावरच्या खडकाळ उंचवट्यावर अशीच एक वसाहत आहे. २०१८च्या लेखात ती अंडी वाढणारच नाहीत, जागा फसवी आहे, असा अंदाज होता. २०२३मध्ये दुसरी मोहीम गेली तर पिल्लं बाहेर पडताना दिसली. एकदा जाऊन आलेल्याचा अंदाज आणि दुसऱ्यांदा जाऊन आलेल्याचा अंदाज यांत केवढा फरक पडतो याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. खोल समुद्राबद्दलची आपली बरीच विधानं एका भेटीवर उभी आहेत.

राहता राहिला तो प्रश्न जो लोक सहसा विचारत नाहीत, पण मला रोज पडतो. यांना दुखतं का? २०२१मध्ये रॉबिन क्रुक हिने एका लहान जातीच्या ऑक्टोपसांना झोंबणाऱ्या आम्लाची सौम्य सुई दिली आणि मग टाकीच्या आधी आवडत्या असलेल्या भागात ठेवलं. त्यांनी नंतर तो भाग टाळायला सुरुवात केली. बधिर करणारं औषध दिलं की जिथे ते मिळालं तो भाग आवडता झाला. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर जागेची आवडनिवड बदलायचं कारण नव्हतं. युरोपीय संघाने त्याआधीच, २०१३पासून, संशोधनातले जिवंत सेफॅलोपॉड कायद्याच्या संरक्षणात आणले होते, आणि २०२२च्या ब्रिटिश कायद्याने त्यांना संवेदनशील प्राणी म्हणून मान्यता दिली. ऑक्टोपसाच्या शेतीवर वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या अमेरिकन राज्यांनी २०२४मध्ये बंदी घातली. ती मला योग्य वाटते, आणि केवळ दयेपोटी नाही : एकलकोंडा, जमेल तेव्हा भाऊबंदांना खाणारा, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट समुद्री अन्न लागणारा प्राणी दाटीने वाढवून समुद्रावरचा भार कमी होतो, हे गणित कोणी मांडून दाखवलं तर मला पाहायला आवडेल.

पण शेतीला नावं ठेवणं सोपं आहे, आपल्या टाक्यांकडे बघणं तितकं नाही. बहुतेक देशांत माझ्या पिढीने हे काम शिकताना अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी परवानगीचा कागदसुद्धा लागत नसे. आता बऱ्याच ठिकाणी कागद आला आहे. त्यावर भुलीचं औषध कोणतं, टाकीचं माप किती, लपायला जागा आहे का, हे सगळं भरावं लागतं. प्राणी किती दिवस ठेवणार हेही विचारलेलं असतं, पण तो रकाना लोक घाईत भरतात. ‘चार महिने’ असं लिहिलेलं असतं, जणू उंदराचे किंवा माशाचे चार महिने असावेत तसे. समुद्रातून आणलेल्या ऑक्टोपसाचं निम्मं आयुष्य बहुधा आधीच होऊन गेलेलं असतं. वर्षभराच्या प्राण्याचे चार महिने म्हणजे त्याच्या उरलेल्या दिवसांपैकी बहुतेक.

म्हणून माझ्याकडे प्रयोगाचा आराखडा तपासायला आला की मी आधी तोच रकाना बघते. तिथला आकडा मोठा असेल तर बाकीचं वाचण्याआधी विचारते की हे तीन आठवड्यांत का होत नाही. कधी खरंच होत नसतं. शिकण्याच्या प्रयोगांना वेळ लागतो, आणि मग निदान प्राण्यांची संख्या खाली येते. पण बऱ्याचदा उत्तर असं असतं की टाकी रिकामी ठेवणं परवडत नाही म्हणून प्राणी आधीच आणून ठेवायचे. अशा वेळी आराखडा परत जातो. सहकारी कुरकुरतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं : त्यांच्या हंगामात प्राणी मिळाले नाहीत तर पुढचे कित्येक महिने मिळत नाहीत, विद्यार्थ्याचं वर्ष जातं. वर्ष कोणाचं जावं यावर आमची चर्चा सध्या अडलेली आहे.